गुऱ्हाळापुढची दोरी

मी अर्धवेळ काम करत होते त्या ऑफिसात दर शनिवारी चार वाजता सगळ्यांना खुर्च्या गोल मांडून बसावं लागे. महिन्याला प्रत्येकाला एक पुस्तक मिळे, धंदा कसा करावा, माणसं कशी सांभाळावीत, किंमत कशी ठरवावी अशा विषयांवरचं, आणि आपण त्यातून काय शिकलो ते उभं राहून सांगायचं. मॅडमचा तो नियम होता. मॅडम म्हणजे आमच्या मालकीण. गूळ, मसाला, पापड, सांडगे असं जिल्ह्यातलं खाणं गोळा करायचं, चांगल्या डब्यांत भरायचं आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांना आणि घरोघर पाठवायचं, असा त्यांचा व्यवसाय. कोल्हापुरात स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर, तीन खोल्या.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळी कॉलेज, दुपारी ऑफिस, आणि सहाच्या एसटीनं कागलच्या पुढं गावी परत. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. परीक्षा नसताना पुस्तक वाचायचं, आणि तेही पगार घेऊन, हे मी घरी सांगितलं तेव्हा आईला ते खरं वाटलं नाही.

"म्हंजे नुसतं बसून वाचायचं?"

"व्हय."

"आन त्याचा पगार?"

"त्याचा न्हाय, कामाचा. पण वाचायचं पण असतंय."

"बघ बाई," आई म्हणाली, "कुणी फसवत असलं तर येळेवर सांग."

त्या पुस्तकांची मी चेष्टा करणार नाही. पुष्कळ जण करतात. मला त्यांनी खूप दिलं. काही मराठीत होती, काही इंग्रजीत. इंग्रजीचं एक पान वाचायला मला अर्धा तास लागे, मोबाइलवर शब्द शोधत, एसटीच्या खिडकीला कोपर टेकून. पण बोलण्याआधी तीन मुद्दे कागदावर लिहून घ्यावेत, समजलं नाही तर न लाजता पुन्हा विचारावं, आपलं काम आपण मोजावं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्याकडं पोरीनं पुन्हा विचारलं तर "डोकं कुठं हाय तुझं?" असं ऐकावं लागतं. पुस्तकात लिहिलं होतं की विचारणारा पुढं जातो. मी विचारायला लागले आणि खरंच थोडी पुढं गेले. आधी पॅकिंगला होते, मग डब्यांवरचा मजकूर लिहायला लागले.

बोलण्याची भीती मात्र गेली नव्हती. आमच्याकडच्या पोरी 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. ऑफिसात पहिल्या आठवड्यात कुणीतरी हसलं, तेव्हापासून तिथं मी जपून 'जाते, करते' म्हणू लागले. त्यामुळं प्रत्येक वाक्याआधी मी एक श्वास थांबत असे. शनिवारी तर दोन.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी माझी पाळी होती. पुस्तकातलं एक वाक्य मला फार पटलं होतं. जे फुकट मिळतं त्याची किंमत कुणाला नसते. ते मी सांगितलं, आणि उदाहरण पाहिजे म्हणून आमच्या गावचं गुऱ्हाळ सांगितलं.

माझे वडील गुळव्या आहेत. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असताना तिच्यापाशी उभं राहून पाक कधी तयार झाला हे ज्याला कळतं, तो गुळव्या. पप्पा उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकतात, दोन बोटांत वळून बघतात, आणि ओरडतात, "उतरा!" क्षणभर आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, नंतर उतरवलं तर करपतो. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत ते आमच्या गावातल्या अण्णांच्या गुऱ्हाळावर असतात. अण्णा म्हणजे मळ्याचे आणि गुऱ्हाळाचे मालक, जैन शेतकरी; त्यांच्या वडिलांपासून गुऱ्हाळ चालू आहे. आणि गुऱ्हाळावर अशी पद्धत आहे की भांडं घेऊन येईल त्याला रस द्यायचा, काकवी द्यायची. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा दाट, गरम पाक. येणारा कुठला, कोण, विचारायचं नाही. पप्पा तर म्हणतात, रिकामं भांडं परत गेलं की त्या दिवशीचा पाक बसत नाही.

मी हे सगळं सांगितलं आणि पुढं म्हणाले, "म्हणजे बघा, शहरातली माणसं ज्यासाठी आनंदानं पैसे देतील, ते आमच्याकडं रस्त्यावरून जाणारा कुणीही फुकट पिऊन जातो. आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं चुकलं काहीतरी. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"तू आत्ता काय बोललीस ते तुला कळलंय का?" त्या म्हणाल्या. "हा आपला पुढचा व्यवसाय आहे. गुऱ्हाळ भेट. दर रविवारी एक बस. आणि हे तू करायचंस."

बैठक संपल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "हे जमवलंस तर निकाल लागला की तू इथं कायम. भेटींची सगळी जबाबदारी तुझी. पदाला नाव काय द्यायचं ते नंतर बघू." त्या दिवशी एसटीत बसायला जागा नव्हती, आणि कागलपर्यंत उभी आहे हे मला जाणवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुऱ्हाळावर गेले. पप्पा काहिलीवरची मळी काढत होते. अण्णा खाटेवर बसून चहा पीत होते.

"अण्णा, आमच्या कंपनीतर्फे पाव्हणं आणायचं म्हणतो. शहरातली. गुऱ्हाळ बघायला."

"येऊ देत की! न्हाय कोण म्हणतंय? रस पाजू, काकवी देऊ, खायला शेंगा भाजू."

"त्यांच्याकडनं कंपनी पैसे घेणार. तुम्हालापण त्यातलं देणार."

"कशाचं पैसं?"

"गाडीचं, जेवणाचं..." मी जरा थांबले. "सगळ्याचंच."

"गाडीचं घ्या बाबा. गाडीला डिझेल लागतंय," अण्णा म्हणाले आणि हसले.

मीही हसले. 'सगळ्याचंच' या शब्दात काय काय आहे ते मी उघडून सांगितलं नाही. पप्पांनी मळीचा झारा आपटून साफ केला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत कामाला लागले. त्यांना काही विचारायचं होतं असं मला वाटलं. मी थांबले नाही.

पुढचे दोन आठवडे मी इतक्या मनापासून काम केलं की आठवलं तरी बरं वाटतं, आणि लाजही वाटते. बस ठरवली. जेवणाला झुणका-भाकरी, मिरचीचा ठेचा, दही. पाहुण्यांनी कुठं उभं राहायचं, धुराचा त्रास कुणाला होईल, चपला कुठं काढायच्या, सगळं लिहून काढलं. नियमांचा एक कागद केला. त्यात मीच लिहिलं: गटाच्या वेळेत इतरांना प्रवेश नाही. गुऱ्हाळाच्या तोंडाशी एक दोरी बांधायची, आणि ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्या मनगटाला पिवळी कागदी पट्टी. पुस्तकात होतं की माणसाला आपण निवडक आहोत असं वाटलं पाहिजे. मॅडमनी कागद वाचला आणि "शाब्बास" म्हणाल्या.

पहिल्या रविवारी बावीस पाहुणे आले. दोरीपाशी माझा ऑफिसातला सहकारी उभा होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, एम.बी.ए. करणारा. मी पाहुण्यांना चरकापासून काहिलीपर्यंत नेऊन सगळं समजावत होते. आश्चर्य म्हणजे माझा आवाज थरथरत नव्हता. जे मी लहानपणापासून बघितलं तेच तर सांगायचं होतं. भेंडीच्या पाल्याचा चिकट रस घातला की मळी वर कशी येते हे सांगितल्यावर एक बाई वहीत लिहून घ्यायला लागल्या.

तेवढ्यात दोरीपाशी आमच्या गल्लीतल्या काकी आल्या. त्या ऊस तोडायला जातात. त्या दिवशी चरकात जो ऊस चालला होता, तो आदल्या दिवशी त्यांच्याच टोळीनं तोडलेला. हातात स्टीलचा डबा.

"पट्टी दाखवा," सहकारी म्हणाला.

"कसली पट्टी?"

"हाताला बांधलेली. पिवळी."

काकींनी आत बघितलं. "आगं बया! एवढ्या जणांच्या हाताला काय झालंय? सगळ्यांस्नी एकदमच लागलं व्हय?"

पाहुण्यांतल्या दोघीतिघी हसल्या. मग काकींना मी दिसले.

"ही बघ की आमचीच पोरगी. ए पोरी, ह्यास्नी सांग, घरातली हाय म्हणावं. लेक बाळंतीण हाय घरात, तिला काकवी खावीशी वाटाय लागलीया. वाटीभर दे, जातो लगेच."

सहकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. पाहुण्यांनीही बघितलं. मी दोरीपाशी गेले. माझ्या हातात नियमांचा तो कागद होता.

"काकी, जरा नंतर येता का? पाव्हणं हाईत. दोन तासांनी या."

"दोन तासांनी?"

"व्हय."

त्यांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा त्या दोरीकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं," त्या म्हणाल्या, "तुझं काम चालू दे." डब्याचं झाकण लावलं आणि बांधावरून निघून गेल्या.

पप्पा काहिलीपाशी होते. पाक अगदी शेवटाला आला होता, त्यांना जागा सोडता येत नव्हती. त्यांनी एकदाच मान वर केली. मग पाण्यात थेंब टाकला, वळला आणि ओरडले, "उतरा!" चौघांनी काहील कलती केली आणि सोनेरी पाक वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात, पसरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मनात एकच गोष्ट धरून बसले होते. आता पाक बसणार नाही. रिकामं भांडं परत गेलंय. बसला नाही तर मला कळेल की मी चूक केली, आणि मग काय करायचं ते ठरवता येईल. पण तासाभरानं ढेप काढली तेव्हा गूळ झकास बसला होता. कणीदार, खणखणीत. अण्णा म्हणाले, या हंगामातलं हे सगळ्यात चांगलं आधण, म्हणजे एका काहिलीचा गूळ. मला काही शिक्षा झाली नाही. कुणी काही बोललंही नाही. पाहुणे जाताना माझे फोटो काढून गेले, आणि मॅडमचा फोन आला, "लोक इतकं चांगलं लिहितायत! पुढचे सहा रविवार भरले. तुझं पद मी आजच पक्कं धरते."

संध्याकाळी पप्पा ओसरीवर हात धूत होते. गुळाचा चिकटपणा सहज जात नाही. ते राखेनं हात घासतात. मी पाणी घालत होते.

"पाक बसला की," मी म्हणाले.

"बसला. न बसायला काय झालंय? ऊस चांगला होता."

"मग तुमीच म्हणताय, रिकामं भांडं गेलं की बसत न्हाय."

त्यांनी हात झटकले. "लई वर्षं म्हणतोय. माझा गुरू म्हणायचा, म्हणून मी म्हणतो."

"म्हंजे खोटंच की ते."

"खोटंच," पप्पा म्हणाले. मग जरा वेळानं, "पाकाचं नाव सांगितलं की माणूस ऐकतंय गं. माणसाचं नाव सांगितलं तर कोण ऐकतंय?"

एवढं बोलून ते आत जेवायला गेले. मला ते रागावले नाहीत, 'दोरी काढ' म्हणाले नाहीत. पण मी तिथंच तांब्या घेऊन उभी राहिले. पाक नासला असता तर मी पाकाला भिऊन दोरी काढली असती. आता भ्यायला काही उरलं नव्हतं. काढायची तर माझ्या मनानं काढायला लागणार होती.

सोमवारी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी काकवीचा डबा घेऊन काकींकडं गेले. त्यांची लेक बाळाला अंगावर घेऊन बसली होती.

"आली बघ, तिकीटवाली," काकी म्हणाल्या. "आत येऊ का विचार आधी. आमच्याकडं बी पट्टी लागतीया."

"काकी, चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. चहा पी." त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला. "पण पोरी, एक सांगू? मी परत गेलो त्याचं काय न्हाय वाटलं. पण पांदीनं जाताना तिघी जणी भेटल्या, भांडी घेऊन निघालेल्या. त्यांस्नी म्या सांगितलं, जाऊ नका, आज बंद हाय. आता त्या परत यायच्या न्हाईत बघ. एकदा बंद म्हटलं की बंद."

तो दिवस मी कॉलेजात कसा काढला ते सांगता येत नाही. दुपारी मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा तीन मुद्दे कागदावर लिहून नेले होते, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे.

"मॅडम, दोरी नको."

"म्हणजे?"

"गावातलं जे कोण भांडं घेऊन येतं, त्यांना आपण थांबवायला नको. भेटी चालू ठेवू. पाहुणे गाडीचे, जेवणाचे, समजावून सांगण्याचे पैसे देतात. रस आणि काकवीचे नाही. ते सगळ्यांना जसं मिळतं तसं त्यांनाही मिळेल."

मॅडमनी शांतपणे ऐकलं. त्या वाईट बाई नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. मला पहिलं पुस्तक त्यांनी दिलं.

"तू पैसे भरून गेलीस, आणि शेजारी एक जण तेच फुकट घेतोय, तर तुला काय वाटेल?" त्यांनी विचारलं.

"मला... माहीत नाही, मॅडम."

"मला माहीत आहे. पुढच्या वेळी तू पैसे भरणार नाहीस. आणि हे वाक्य तूच सांगितलं होतंस ना, फुकटाची किंमत नसते?"

"हो. पण त्या दिवशी मी विचारलं नाही, कुणाला किंमत नसते. काकींना होती. त्या चालत आल्या होत्या."

मॅडम जरा हसल्या. "हे तुझं गाव आहे म्हणून तुला जड जातंय. साहजिक आहे. मीच चूक केली, तुझ्याच घरच्या माणसांत तुला उभं केलं." त्यांनी फोन उघडला. "हातकणंगल्याकडं एक गुऱ्हाळ आहे. मालक तयार आहे, गेट लावून घेतो म्हणतो. भेटी तिकडं नेऊ. जबाबदारी तुझीच, पद तुझंच. तिथं तुला कुणी ओळखत नाही."

मी "विचार करते" म्हणाले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आमच्या गुऱ्हाळावरची दोरी निघत होती, काकींपुढं मान वर करता येणार होती, आणि नोकरीही राहत होती. एसटीत मी हिशेब मांडत राहिले की यात कुणाचं काय वाईट होतंय. मला उत्तर सापडत नव्हतं, आणि सापडू नये असंही वाटत होतं. घरी पहिल्यांदा कायम नोकरी येणार होती. आई शेजारी सांगून मोकळी झाली होती.

गुरुवारी मी ते गुऱ्हाळ बघायला गेले. मोठं होतं, आमच्यापेक्षा स्वच्छ. लोखंडी गेट नवं लावलेलं, त्याला अजून रंग दिला नव्हता. मालकांनी मला सगळं दाखवलं, मान देऊन बोलले. "मॅडम, रविवारी सकाळी गेट बंद म्हंजे बंद. काय काळजी करू नका." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणालं.

आम्ही गेटच्या आत बोलत होतो. रस्त्यानं एक माणूस सायकलवरून आला, हँडलला कळशी अडकवलेली. गेटपाशी त्यानं पाय टेकला. गेट त्या दिवशी उघडंच होतं, सताड. त्यानं ते नवं लोखंड बघितलं, आत उभ्या असलेल्या माझ्या पर्सकडं आणि फाइलकडं बघितलं, सायकल वळवली आणि गेला. त्याला कुणी काही म्हणालं नव्हतं.

"कोण होते ते?" मी मालकांना विचारलं.

"कुठं कोण होतं?" ते म्हणाले. त्यांनी बघितलंच नव्हतं.

मी धावत रस्त्यावर गेले. "ओ मामा!" म्हणून हाक मारली. सायकल लांब गेली होती. मग मी तिथंच उभं राहून ठरवलं. तो माणूस माझ्या गावचा नव्हता, माझ्या ओळखीचा नव्हता, त्याची लेक बाळंत होती की नव्हती मला ठाऊक नाही. माझ्या गावात जे चूक आहे ते इथं बरोबर कसं होईल? हा प्रश्न कुठल्या मोठ्या विचारवंताचा नाही. पण मला तो त्या रस्त्यावर पडला आणि त्याचं उत्तर द्यायला मला एक मिनिट लागलं नाही. सोमवारपासून गुरुवारपर्यंतचे चार दिवस मात्र लागले होते.

शनिवारी बैठकीत माझी पाळी नव्हती. मी हात वर केला.

"मला हे काम करता येणार नाही," मी म्हणाले. "भेटी वाईट नाहीत. मला त्या आवडतात. पण दोरी बांधून, गेट लावून मी त्या करणार नाही, आमच्या गावात नाही आणि दुसऱ्या गावातही नाही. ही कल्पना मीच दिली होती, त्यामुळं नाही म्हणायचं कामही माझंच आहे." एवढं बोलायला मला खूप वेळ लागला असावा. मध्ये एकदा 'करतो' असंही निघून गेलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "पद जाईल तुझं."

"हो."

"फार चांगली संधी घालवतेस. तुला हे दहा वर्षांनी कळेल."

"कळेल कदाचित, मॅडम. पण आता तरी नाही करणार."

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाला बोलायला सांगितलं. ते पद माझ्या सहकाऱ्याला मिळालं. तो कामाचा मुलगा आहे, भेटी चांगल्या चालवतो असं ऐकते. मी महिनाअखेरपर्यंत डब्यांवरचा मजकूर लिहिला, पुस्तक परत केलं आणि निघाले. आईला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. "शिकून येडी झालीस," एवढंच म्हणाली. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. घरात येणारी एक नोकरी मी माझ्या हातानं परत पाठवली होती.

पण मला भेटी सोडायच्या नव्हत्या. पाहुण्यांपुढं बोलताना माझा आवाज थरथरला नव्हता, हे मी विसरू शकत नव्हते. दोन आठवडे मी वहीत मांडत बसले. पुस्तकांतून शिकले होते तेच सगळं: कोण येईल, का येईल, त्याला काय द्यायचं, कशाचे पैसे घ्यायचे आणि कशाचे नाही. मग अण्णांकडं गेले आणि या वेळी एकही शब्द बंद ठेवला नाही. गाडीचे पैसे, जेवणाचे पैसे, माझ्या बोलण्याचे पैसे. रस, काकवी सगळ्यांना सारखी, आणि रांगेत भांडं घेऊन आलेला माणूस पुढं.

"एवढंच व्हय?" अण्णा म्हणाले. "मग हे विचारायला कशाला आलीस? असंच तर हाय."

"पाव्हणं कमी येतील, अण्णा."

"कमी येऊ देत. आमाला काय त्यांची मोजणी करायचीया?"

पप्पा काहिलीपाशी उभे राहूनच म्हणाले, "भेंडीचं नीट सांग ह्या वेळेला. मागच्या खेपेला पाला घालतात म्हणालीस. पाला न्हाय, खोड ठेचून घालतोत." ते ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं.

काकींच्या घरी जाऊन त्या तिघी कोण ते विचारलं आणि त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, गुऱ्हाळ बंद नाही. एकीनं विश्वास ठेवला. बाकी दोघी "बघू" म्हणाल्या.

हंगाम संपत आला असताना माझा पहिला गट आला, नऊ जण, एका टेम्पो ट्रॅव्हलरमधून. कॉलेजच्या एका सरांनी त्यांच्या ओळखीतले जमवून दिले होते. मी गाडीच्या दारातच त्यांना थांबवलं, कारण आधी सांगायचं ठरवलं होतं.

"आत जायच्या आधी एक गोष्ट. इथं भांडं घेऊन जो येतो त्याला रस-काकवी द्यायची पद्धत आहे. तुम्हालाही तशीच मिळेल. पण गावातलं कुणी आलं तर ते रांगेत तुमच्या पुढं असतील. त्यांना घरी परत जायचं असतं, कामावर जायचं असतं."

एक काळा चष्मा लावलेले गृहस्थ पुढं आले. "पैसे भरले ना आम्ही?"

"भरलेत, काका. गाडीचे, जेवणाचे आणि माझे."

"मग आम्ही मागं का उभं राहायचं? आणि ते लोक काहीच भरत नाहीत?"

माझा आवाज थरथरला. पण थांबायचं नव्हतं.

"नाही भरत. तुम्ही इथं राहत असता तर तुम्हीही भरले नसते. तुम्हाला नको असेल तर जेवण इथंच गाडीपाशी आणून देते, आणि पैसे परत हवे असतील तर तेही देते. पण रांग अशीच राहील."

ते वळले. गाडीत जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं. त्यांच्या बायको आणि मुलगी मात्र उतरल्या, चपला काढून आत गेल्या आणि एका बाईच्या मागं उभ्या राहिल्या. त्या बाईच्या हातात पितळी तांब्या होता, आणि तिनं मागं वळून त्या मुलीला विचारलं, "पावणं, कुठनं आलासा?" मी भेंडीचं खोड हातात घेतलं आणि बोलायला सुरुवात केली.